थॅलेसेमियाच्या घरातलं दुसरं मूल

थॅलेसेमिया मेजर असलेलं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. सहा महिन्यांनंतर, साधारण दोन वर्षांच्या आत, ते पांढुरकं पडू लागतं, दूध कमी पितं, किरकिर करतं, पोट फुगल्यासारखं दिसतं. तपासणी केली की हिमोग्लोबिन पाच-सहावर आलेलं असतं. पुढे दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवणं हा त्याच्या आयुष्याचा भाग होऊन बसतो. डेट्रॉइटमधल्या थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञाने १९२५ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा अशी मुलं फार जगत नसत. आज नियमित रक्त आणि शरीरातलं जादा लोह काढणारी औषधं वेळेवर मिळाली तर ती शिकतात, नोकरी करतात, संसार थाटतात.

भारतात दरवर्षी दहा ते बारा हजार मुलं हा आजार घेऊन जन्माला येतात असा अंदाज आहे. त्यांच्यासाठी रक्तदान शिबिरं होतात, लग्नाआधीच्या तपासणीबद्दल व्याख्यानं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पण यातल्या अनेक घरांत आणखी एक मूल असतं. ते जेवतं, खेळतं, शाळेत जातं, त्याला काही झालेलं नसतं. त्याच्याबद्दल विचारलं तर आई-वडील समाधानाने सांगतात, ‘हिची काही काळजी नाही हो, फार समजूतदार आहे.’ या लेखाचा विषय ते समजूतदार मूल आहे. थॅलेसेमियात त्याचा संबंध केवळ घरातल्या वातावरणापुरता राहत नाही. त्याच्या पेशी, त्याची जनुकं आणि पुढे त्याचं लग्न, सगळंच या आजाराशी जोडलेलं असतं. म्हणून त्याची विचारपूस हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

एचबीवर चालणारं घर

समजा, धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातलं घर आहे. मुलगा सात वर्षांचा, त्याला थॅलेसेमिया मेजर. त्याची ताई अकरा वर्षांची. रक्ताच्या तारखेला आई पहाटे उठून डबे करते आणि मुलाला घेऊन पहिल्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी निघते. तिथे रक्ताचा नमुना देऊन जुळणी करायची, पिशवी मिळेपर्यंत थांबायचं, मग शीर शोधायची. वर्षानुवर्षं सुया टोचून घेतलेल्या हातात ती लवकर सापडत नाही. एक पिशवी जायला तीन-चार तास लागतात. मायलेक परत येईतो दिवेलागण होते.

घरी ताईने दूध तापवलेलं असतं, शाळेतून येताना शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतलेली असते, गृहपाठ केलेला असतो. भाऊ येतो तो गालांवर लाली घेऊन. अंगात नवं रक्त, त्यामुळे हुशारी आलेली, हातात रडू नये म्हणून घेऊन दिलेली गाडी. त्याला खेळायचं असतं. आईचे पाय दुखत असतात. ताईच्या शाळेत आज काय झालं, हे विचारायचं राहून जातं.

हे एका दिवसापुरतं नसतं. रक्ताची तारीख जवळ आली की एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, उतरतं, मुलगा थकतो, चिडतो, हट्ट करतो. त्या आठवड्यात प्रत्येक भांडणात त्याचीच सरशी होते, कारण ‘त्याचं एचबी कमी झालंय, जाऊ दे ना, तू मोठी आहेस.’ मामाच्या गावचा मुक्काम दोन तारखांच्या मधे बसवावा लागतो. शाळेचं गॅदरिंग आणि रक्ताचा दिवस एकाच वेळी आले तर कोणती तारीख पुढे ढकलता येते आणि कोणती येत नाही, हे अकरा वर्षांच्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही.

रक्ताबरोबर आणखी एक काम घरात शिरतं. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीरातून मात्र दिवसाकाठी जेमतेम एक मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं. उरलेलं यकृतात, हृदयात आणि वाढीच्या, वयात येण्याच्या ग्रंथींमध्ये साचत जातं. ते काढायला पूर्वी डेस्फेरिऑक्सामिन हे एकच औषध होतं. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सुई लावून छोट्या पंपाने ते आठ ते बारा तास सोडत राहायचं, आठवड्यातल्या पाच ते सात रात्री. एका खोलीत झोपणाऱ्या भावंडाला त्या पंपाचा आवाज आणि रोजची सुई लावतानाची रडारड सोबतीला असे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात डेफेरिप्रोन हे तोंडाने घ्यायचं औषध भारतात मिळू लागलं आणि पुढे डेफेरासिरॉक्स आलं. आता अनेक घरांत पंपाच्या जागी सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून घ्यायची गोळी आहे. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही. म्हणजे दोन मुलांच्या नाश्त्याच्या वेळाही वेगळ्या. एकाने प्यायलेल्या ग्लासच्या तळाशी औषध उरलं तर त्यात पुन्हा पाणी घालून तो संपवून घ्यायचा. आई स्वयंपाकात असेल तर ही नजर ठेवायचं काम कुणाकडे येतं, हे वेगळं सांगायला नको.

आतल्या आत

जुनाट आजार असलेल्या मुलांच्या भावंडांवर मानसशास्त्रज्ञांनी बरंच संशोधन केलं आहे. शार्प आणि रॉसिटर या दोन संशोधकांनी २००२ साली अशा ५१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. या भावंडांवर आजाराचा प्रतिकूल परिणाम होतो, पण सरासरीने तो मोठा नसतो, असं त्यांना दिसलं. ज्या आजारांचे उपचार रोजचं जगणं व्यापून टाकतात, तिथे तो जास्त दिसतो. २०१२ साली आणखी एका आढाव्यात ५२ अभ्यास तपासले गेले. त्यातही परिणाम लहानच निघाला, पण त्याची दिशा लक्षात घेण्याजोगी होती. या मुलांमध्ये मारामारी, उद्धटपणा, नियम मोडणं यांपेक्षा चिंता, उदासी, मिटून राहणं जास्त होतं. स्वतःबद्दलचं चांगलं मतही थोडं कमी होतं.

याचे दोन अर्थ निघतात. पहिला धीर देणारा: घरात जुनाट आजार आहे म्हणून दुसऱ्या मुलाचं बालपण वाया जातंच असं मुळीच नाही. बहुतेक मुलं चांगली वाढतात. दुसरा सावध करणारा: ज्यांना त्रास होतो, त्यांचा त्रास दिसत नाही. दंगा करणाऱ्या मुलाकडे लक्ष जातंच. जे मूल आपली ताप-डोकेदुखी लपवतं, सहलीचे पैसे मागायला कचरतं, कमी मार्क पडले तर प्रगतिपुस्तक दप्तरात तसंच ठेवतं, त्याचं आपण कौतुक करतो. ‘समजूतदार’ ही शाबासकी त्याला पुन्हा पुन्हा मिळते आणि आपल्याला काही लागत नाही, हेच आपलं घरातलं स्थान आहे, अशी त्याची समजूत पक्की होते.

वयाप्रमाणे मुलांचं समजणं बदलतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटतं की आपल्या मनात आलं म्हणून गोष्टी घडतात. ‘मी भांडताना मर म्हणाले, म्हणून दादाला दवाखान्यात नेलं,’ हा हिशोब त्याच्यापुरता अगदी सरळ असतो. ते मूल हे कुणाला बोलून दाखवत नाही, त्यामुळे कुणी दुरुस्तही करत नाही. या वयाला एक वाक्य अनेकदा सांगावं लागतं: हे कुणामुळे झालेलं नाही आणि तुला हे लागणार नाही. सात ते अकरा वर्षांचं मूल न्यायाला पक्कं असतं. कुणाला किती मिळालं, याची त्याच्याकडे बिनचूक नोंद असते. त्याच वयात त्याला हेही कळू लागतं की ही तक्रार केली तर आपण वाईट ठरू. मग कारण न सापडणारी पोटदुखी सुरू होते, आणि ती नेमकी रक्ताच्या तारखेच्या आसपास येते. ती खोटी नसते. खरोखरच दुखत असतं.

बारा-तेरा वर्षांपुढे प्रश्न मोठे होतात. मुलं वाचू लागतात, मोबाईलवर शोधू लागतात. भाऊ किती वर्षं जगेल, हा प्रश्न ती आधी मोबाईलला विचारतात, आई-बाबांना नाही. याच वयात आणखी एक अवघड गोष्ट घडते. लोह साचल्यामुळे आजारी मुलाची उंची खुंटलेली असते, वयात येणं लांबलेलं असतं. धाकटी बहीण थोरल्या भावाच्या पुढे निघून जाते. तिला नवीन कपडे घालून आरशासमोर उभं राहायचीही चोरी वाटू लागते. सुदृढ असण्याबद्दलची ही टोचणी फार जणांना असते आणि फार थोडे ती बोलून दाखवतात.

जुळणीची तपासणी

थॅलेसेमिया मुळापासून बरा करायचा तर आज सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सिएटलमध्ये डोनल थॉमस यांच्या पथकाने १९८१ साली या आजारासाठीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जेवर. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. इटलीत पेसारो इथे ग्विदो लुकारेल्ली यांनी पुढे शेकडो मुलांवर हे उपचार केले. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. ते रक्ताच्या कर्करोगासाठी होतं. आता लहान वयात, लोह आटोक्यात असताना, पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची मज्जा मिळाली तर चांगल्या केंद्रांत ८० ते ९० टक्के मुलं थॅलेसेमियातून मोकळी होतात.

म्हणून डॉक्टर विचारतात, भावंडं किती? आणि घरातल्या दुसऱ्या मुलाला पहिल्यांदाच कुणीतरी दवाखान्यात स्वतःहून बोलावतं.

जुळणी म्हणजे एचएलए या खुणांची जुळणी. पेशी आपली की परकी, हे शरीर या खुणांवरून ओळखतं. त्या ठरवणारी जनुकं सहाव्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात आणि सहसा एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. आईच्या हातात दोन पत्ते आहेत, बाबांच्या हातात दोन, आणि प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक पत्ता न बघता दिला जातो, असं धरा. दोन भावंडांना अगदी तेच दोन पत्ते मिळण्याची शक्यता चारात एक. एकच भावंड असेल तर २५ टक्के, दोन असतील तर त्यातलं किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. इथे रक्तगटाचा संबंध नाही. चेहरा किंवा स्वभाव सारखा असणं, एकमेकांवर जीव असणं, यांचाही नाही.

ही शेवटची गोष्ट मुलांना तपासणीच्या आधी सांगणं फार गरजेचं आहे. घरात बोलणं चालू असतं, ‘ताईचं जुळलं की आपला बाळ बरा होणार.’ देवाला नवस बोललेला असतो. ताई गालाच्या आतून फिरवलेला बोळा किंवा रक्त देऊन येते आणि वाट बघते. चारातल्या तीन वेळा निकाल नकारार्थी येणार, हे गणित मोठ्यांना माहीत असतं. तिला ते परीक्षेत नापास झाल्यासारखं लागतं. आईचा पडलेला चेहरा बघून आपण भावासाठी कमी पडलो, हे ती स्वतःच ठरवून टाकते. निकाल येण्याआधीच शांतपणे सांगितलं की ही चिठ्ठी तुझ्या जन्माच्याही आधी निघालेली आहे, त्यात तुला काही करता येण्यासारखं नव्हतं आणि नाही, तर तिच्यावरचं मोठं ओझं टळतं.

काही आई-बाप जुळणाऱ्या भावंडासाठी आणखी एक मूल होऊ देतात. गणित इथेही निष्ठुर आहे. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला थॅलेसेमिया मेजर नसण्याची शक्यता चारात तीन. त्याचं एचएलए जुळण्याची शक्यता चारात एक. थॅलेसेमियाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर, एचएलए सहाव्यावर, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. दोन्ही जमून येण्याची शक्यता सोळात तीन, पाचात एकापेक्षाही कमी. प्रयोगशाळेत गर्भ तपासून जुळणारा गर्भ निवडण्याचं तंत्र अमेरिकेत २००० साली एका वेगळ्या रक्तविकारासाठी पहिल्यांदा यशस्वी झालं. अहमदाबादच्या एका कुटुंबात अशा रीतीने जन्मलेल्या लहान बहिणीच्या मज्जेने २०२० साली थॅलेसेमिया असलेल्या भावावर प्रत्यारोपण झालं. अशा वेळी आई-बापांनी काय करावं, हे बाहेरच्यांनी सांगू नये. पण त्या मुलाला आपल्या जन्माची गोष्ट एक दिवस कळणार आहेच. ती शेजाऱ्यांच्या तोंडून अर्धवट कळण्यापेक्षा घरात लहानपणापासून खरी कळावी आणि ‘तू आम्हाला तुझ्यासाठीही हवी होतीस’ हे त्या गोष्टीतलं ठळक वाक्य असावं. ते खरंही असावं.

मज्जा देणारं मूल

जुळलं तर पुढे काय होतं? दात्या मुलाला भूल देऊन पालथं झोपवतात आणि कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने जाड सुईने मज्जा काढतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १० ते २० मिलिलिटर. वीस किलोच्या मुलाच्या अंगातून २०० ते ४०० मिलिलिटर. सहसा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. कंबर काही दिवस दुखते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. गंभीर धोका फार कमी असतो, पण भुलेचा धोका शून्य नसतो. आणि ही सगळी तोशीस स्वतःला काहीच झालेलं नसलेलं मूल सोसतं.

म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली लहान मुलांनी मज्जा देण्याबद्दल काही अटी घालून दिल्या. तितकाच चांगला जुळणारा प्रौढ नातेवाईक उपलब्ध नसावा. दाता आणि रुग्ण यांच्यात जिव्हाळ्याचं नातं असावं. रुग्णाला फायदा होण्याची खरीखुरी शक्यता असावी. दात्याचे धोके कमीत कमी केलेले असावेत. आई-बापांची परवानगी आणि मुलाची वयानुसार संमती असावी. शिवाय दात्याच्या बाजूने बोलणारी, रुग्णावर उपचार करणाऱ्या पथकाबाहेरची एक व्यक्ती असावी. ही शेवटची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. त्या खोलीत प्रत्येकाचं लक्ष आजारी मुलावर असतं. आई-बापांचं तर असणारच. फक्त दुसऱ्या मुलासाठी तिथे बसलेलं कुणीतरी हवं. आपल्याकडे हे काम रुग्णालयातले समाजसेवक किंवा समुपदेशक करू शकतात. समंजस आत्या किंवा मामाही काही अंशी करू शकतात, फक्त त्यांना ते काम नेमून द्यायला हवं.

प्रत्यारोपणाचा काळ लांबतो. रुग्णाला आधी जोरदार औषधं देऊन त्याची मज्जा रिकामी करतात. मग नवीन मज्जा शिरेतून चढवतात. ती रुजेपर्यंत जंतूंपासून जपलेल्या खोलीत तीन-चार आठवडे, आणि नंतरही रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावं लागतं. एकूण तीन-चार महिने सहज जातात. आई मुंबई, पुणे किंवा वेल्लोरला असते. मज्जा देऊन झालेलं मूल आजीकडे परत जातं. कालपर्यंत ज्याच्याभोवती सगळे जमलेले होते, त्याचा फोनही आता दोन मिनिटांत उरकला जातो.

नंतर काही बिघडलं तर? नवीन मज्जा रुजली नाही, किंवा नव्या पेशींनीच रुग्णाच्या कातडीवर, आतड्यावर हल्ला केला, तर? मोठी माणसं नकळत बोलतात, ‘ताईच्या पेशी त्याला त्रास देताहेत.’ वैद्यकीयदृष्ट्या ते खरं आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या कानाला मात्र हे वाक्य ‘मी त्याला त्रास देतेय’ असं ऐकू येतं. शब्द बदलता येतात: औषधांनी ज्या गोष्टी आवरायच्या होत्या त्या अजून आवरल्या नाहीत, डॉक्टर त्यावर काम करत आहेत, तू दिलंस ते उत्तमच होतं. यश आलं तरी जन्मभराचं उपकारपत्र नको. ‘तिच्यामुळे तू जिवंत आहेस’ हे वाक्य दर भाऊबिजेला ऐकून दोन्ही मुलं अवघडतात. एकदा मनापासून आभार मानावेत आणि मग त्यांना एकमेकांशी भांडू द्यावं.

गुपित आणि स्थळ

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाचे आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे ‘थॅल मायनर’ असतात. त्यांच्या ज्या मुलाला मेजर नाही, ते मूल वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. वाहक आजारी नसतो. त्याचं हिमोग्लोबिन थोडं कमी असू शकतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढत नाही म्हणून अनेकांना वर्षानुवर्षं त्याच गोळ्या दिल्या जातात. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा घटक, तपासलं असतं तर त्यांची गरज नाही, हे तेव्हाच कळलं असतं. हिमोग्लोबिन ए-टू हा घटक साधारण साडेतीन टक्क्यांहून जास्त निघाला की बहुतेकदा वाहक असल्याचं निदान होतं. आयुष्यात एकदा करायची ही साधी रक्ततपासणी आहे. सिंधी, पंजाबी, कच्छी भानुशाली, लोहाणा या समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण एकही जात किंवा प्रदेश त्यातून पूर्ण सुटलेला नाही. देशभरात शंभरात सरासरी तीन-चार लोक वाहक आहेत.

वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केलं तर त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर होत नाही. एवढं साधं उत्तर असताना घरं मात्र गुपितात अडकतात. ‘बाहेर कुणाला बोलू नकोस, उद्या तुझं लग्न जमायचं आहे,’ असं दहा-बारा वर्षांच्या मुलीला बजावलं जातं. मैत्रिणीने विचारलं, तुझा भाऊ शाळेत का नाही आला, तर ती ताप आला असं सांगते. पुढच्या महिन्यात पुन्हा ताप. सतत खोटं बोलायला लागल्यामुळे ती मैत्रिणींपासून लांब राहू लागते. बोलून मोकळं होण्याची हक्काची जागाही अशी बंद होते.

आणि लग्न ठरताना नेमकं उलटं घडतं. आजार लपवला म्हणून तपासणीही टाळली जाते. पत्रिका जुळवतात, पण मुलाचा आणि मुलीचा हिमोग्लोबिनचा अहवाल कुणी मागत नाही. अशाने दोन वाहकांचं लग्न झालं तर ज्या दुःखात ती मुलगी वाढली, ते दर गरोदरपणात चारात एक या शक्यतेने तिच्या दारात पुन्हा उभं राहतं. म्हणून भावंडांना आपण वाहक आहोत का, हे लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या बरंच आधी, समजत्या वयात, नीट समजावून सांगायला हवं. मज्जेच्या जुळणीच्या वेळी लहानपणीच ही वाहक-तपासणीही झाली असेल तर अहवाल फाईलमध्ये पडून राहतो आणि मुलाला कुणी सांगत नाही, असंही होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी तो अहवाल त्याच्या हातात द्यावा, तोही कलंक म्हणून नाही. त्याला वापरता येईल अशी माहिती म्हणून.

करता येण्याजोगं

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला. कोल इंडियाच्या योजनेतून २०१७ पासून प्रत्यारोपणासाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळू लागली. आजारी मुलासाठी व्यवस्था हळूहळू उभी राहते आहे. भावंडासाठी लागणाऱ्या गोष्टींना मात्र फारसा पैसा लागत नाही.

एक, त्याला खरं सांगावं. रक्त का लागतं, औषध कशासाठी, तारीख चुकली तर काय होतं. शक्य असेल तर सुट्टीच्या एखाद्या दिवशी रक्त चढवताना त्याला बरोबर न्यावं. तिथे गेल्यावर दिसतं की भाऊ टीव्ही बघतोय, शेजारच्या पलंगावरच्या मुलाशी पत्ते खेळतोय, नर्सताई ओळखीने हसताहेत. मुलाने मनात रंगवलेला दवाखाना बहुतेकदा खऱ्यापेक्षा भयंकर असतो.

दोन, त्याचा स्वतःचा वेळ ठरवावा. आठवड्यातला अर्धा तास, जो एचबी कितीही उतरलं तरी रद्द होणार नाही. भाजी आणायला दोघांनीच चालत जाणंही पुरतं. मोठ्या सहलीच्या आश्वासनापेक्षा न चुकणारा अर्धा तास मुलाला जास्त कळतो.

तीन, त्याला रागवायची मुभा द्यावी. ‘मला नाही आवडत, सगळं त्याच्यासाठीच असतं,’ असं ते म्हणालं तर ‘असं बोलू नये, तो आजारी आहे ना,’ हे उत्तर त्याला आधीच पाठ असतं. ‘हो, या महिन्यात तुझ्या वाट्याला खरंच कमी आलं,’ एवढं म्हटलं तरी त्याचं मन हलकं होतं.

चार, कामं सोपवावीत, जबाबदारी नाही. भावाला पाण्याचा ग्लास देणं हे काम. औषध चुकलं तर त्याचा जाब देणं ही जबाबदारी, आणि ती मोठ्यांचीच.

पाचवी गोष्ट बाहेरच्यांसाठी. घरी आलेले नातेवाईक दारातूनच विचारतात, ‘कसा आहे बाळ?’ आधी दुसऱ्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारून त्याचं काय चाललंय हे विचारावं. शिक्षकांनी उशीर, अपुरा गृहपाठ यांच्यामागची तारीख ओळखावी. रक्त चढवणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांनी फेरिटिनबरोबर एक प्रश्न विचारावा, ‘घरी दुसरं मूल कसं आहे?’ सिएटलमध्ये डॉन मेयर यांनी १९८२ साली अशा भावंडांसाठी ‘सिबशॉप’ सुरू केले. खेळ, खाणं आणि त्यातच आपापल्या घरच्या गोष्टी, असा एकत्र जमण्याचा तो कार्यक्रम आज अनेक देशांत चालतो. आपल्याकडे थॅलेसेमियाच्या पालकांच्या संघटना आहेत, शिबिरं भरतात, ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन साजरा होतो. त्याच दिवशी, त्याच सभागृहाच्या शेजारच्या खोलीत, भावंडांसाठी दोन तास ठेवता येतील. आपल्यासारखं घर दुसऱ्याही कुणाचं आहे, हे कळल्यावर मुलाला सर्वांत आधी बरं वाटतं ते आपण एकटे नाही याचं.

थॅलेसेमियाची मुलं आता मोठी होतात, आणि म्हणूनच हा विषय पुढच्या काळात आणखी महत्त्वाचा होणार आहे. आई-वडील थकतील तेव्हाही रक्ताची तारीख येणारच. भावंडांचं नातं बहुतेक माणसांच्या आयुष्यातलं सर्वांत लांब चालणारं नातं असतं. ते कर्तव्य म्हणून ओढलं जाईल की जिव्हाळ्याने टिकेल, हे बऱ्याच अंशी लहानपणीच्या या वर्षांत ठरतं. ज्या मुलाला वाढताना स्वतःची जागा मिळाली, स्वतःच्या गरजा मागता आल्या, दूरच्या शहरात शिकायला जाताना अपराधी वाटलं नाही, ते मोठेपणी भावाच्या पाठीशी आपण होऊन उभं राहण्याची शक्यता जास्त. आजारी मुलाच्या भल्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या मुलाचाही विचार करावा. दोघांना एकमेकांची गरज पुढची कित्येक वर्षं लागणार आहे.